चमच्यांचा झगा: शिल्प, फॅशन, संगीत की परफॉर्मन्स?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं स्टीलचे चमचे, डावांचे दांडे आणि डब्यांची झाकणं ओवून अंगभर झगा केलाय, घालून चाललं की तो वाजतो. शिल्पाचे सर म्हणतात ही फॅशन झाली, फॅशन शिकणारी मैत्रीण म्हणते हे कुणी घालूच शकणार नाही, आणि तबला शिकणारा भाऊ म्हणतो हा नुसता खणखणाट आहे. तिला विचारायचंय की याला परफॉर्मन्स आर्ट म्हणता येईल का, की ही आपली फॅन्सी ड्रेस, आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये करायचं तर कसं करू.

मी शिल्पकला शिकले पण पोट भरलं ते कपड्यांवर. नाटकाचे, डान्सचे, परफॉर्मन्स करणाऱ्यांचे कॉस्च्युम बनवते, कधी स्वतःही घालून उभी राहते. त्यामुळे हा वाद रोजचाच, टेलर म्हणतो मॅडम हे वेल्डिंगचं काम आहे आणि वेल्डर म्हणतो हे शिंप्याकडे न्या. तर सरळ उत्तर आधी देते, नुसता झगा बघून हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. त्या तिघांनी हँगरवरचा झगा बघून मत दिलंय. मी अशा वेळी एकच बघते, हा अंगावर चढला की माणसाला काय काय करता येत नाही, आणि काय काय करावंच लागतं. बसता येतं का, हात वर जातात का, दारातून जाताना आडवं व्हावं लागतं का, अर्ध्या तासानं खांद्यांचं काय होतं. कपडा शरीराकडून काहीतरी करून घेत असेल आणि ते करून घेणंच बघणाऱ्यासमोर घडत असेल तर तो परफॉर्मन्स. नसेल घडत तर तो छान कपडा आहे, त्यातही काही कमीपणा नाही.

सगळ्यात आधी तू आत्सुको तनाकाचं काम बघ. जपानमधल्या गुताई या प्रयोगशील कलाकारांच्या ग्रुपमधली ही चित्रकार, तो ग्रुप जिरो योशिहारानं १९५४ मध्ये काढला. १९५५ साली तोक्योतल्या प्रदर्शनात तिनं काय ठेवलं तर वीस इलेक्ट्रिक घंटा, साधारण दोन दोन मीटरवर, वायरनं एकमेकींना जोडलेल्या. प्रेक्षकानं बटण दाबायचं की पहिली वाजणार, मग दुसरी, मग तिसरी, आवाज तुमच्यापासून निघून खोलीच्या कडेकडेनं लांब जाणार. बघायला म्हणशील तर जवळपास काहीच नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ते वायरिंग तिनं अंगावर घेतलं. रंगवलेले बल्ब आणि ट्यूबा, दोनशेच्या आसपास, लाल पिवळे हिरवे निळे, गळ्यापासून पायापर्यंत, वजन पन्नास किलोच्या वर, आणि हे काही बॅटरीवरचं खेळणं नव्हे, भिंतीतल्या प्लगमधली वीज, वायरींचा जुडगा मागे लोंबतोय, आणि ते सगळं लुकलुकतं. ओसाका स्टेशनजवळच्या निऑनच्या जाहिराती बघून तिला हे सुचलं होतं. त्या वेळचे फोटो बघ, चेहरा आणि हात सोडले तर बाई दिसतच नाही. चालायचं तर पाऊल टाकण्याआधी विचार करायचा, बल्ब तापतात, वायर उघडी पडली तर काय ही भीती वेगळीच.

आता हा ड्रेस आहे का, तर आहे, किमोनोसारखा आकारही दिसतो त्यात. शिल्प आहे का, तर १९८६ मध्ये परत बनवलेला तो ताकामात्सु शहराच्या म्युझियमच्या संग्रहात आहे, प्रदर्शनात तो माणसाशिवाय नुसता टांगलेला असतो आणि तसाही देखणा दिसतो. पण मला विचारशील तर टांगलेला तो अर्धाच आहे. पन्नास किलो आणि वीज अंगावर घेऊन एक बाई आत उभी आहे हे माहीत असताना जे पोटात होतं ते रिकाम्या ड्रेसकडे बघून होत नाही. आणखी एक, त्या वायरिंगचे तिनं जे आराखडे काढले, गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, तीच पुढे तिची पेंटिंग झाली, आयुष्यभर ती तेच रंगवत राहिली. म्हणजे घंटा, कपडा, चित्र, सगळं एकाच सर्किटमधून आलं. तुझे सर जे खाने पाडतायत ना, ते तिला कुणी पाडून दाखवावेत.

दुसरी रेबेका हॉर्न, जर्मन, २०२४ मध्ये वारली. हिची गोष्ट शिल्पाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगायला हवी. हँबुर्गच्या आर्ट कॉलेजात असताना ती पॉलिएस्टर आणि फायबरग्लासमध्ये कामं करायची, मास्कबिस्क काही नाही, आणि फुप्फुसं खराब झाली. बराच काळ सॅनटोरियममध्ये अंथरुणाला खिळून होती. पडल्या पडल्या काय करता येणार, तर कागद, पेन्सिल आणि सुईदोरा. तिथून तिची अंगावर बांधायची शिल्पं सुरू झाली, कापडाच्या पट्ट्या, हलकं लाकूड, पिसं असल्या सामानातली. आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, आपल्याकडे फायबरच्या वर्कशॉपमध्ये पोरं तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर मारत असतात, रुमालानं काहीही होत नाही, रेझिनच्या वासाला कार्ट्रिजवाला मास्कच लागतो, तू पुढे कधी फायबरला हात लावणार असशील तर साच्याच्या आधी मास्क घे.

तर हॉर्न. १९७० च्या सुमाराचं तिचं एकशिंग्याचं, म्हणजे युनिकॉर्नचं काम आहे, एका बाईच्या डोक्यावर उंचच उंच सरळ पांढरं शिंग, ते कापडी पट्ट्यांनी थेट अंगाला बांधलेलं, आणि ती पहाटे शेतातून चालत जाते. एवढंच. पण ती ज्या पद्धतीनं चालते तसं एरवी कुणी चालत नाही, कारण मान जरा कलली की शिंग ओढ घेणार, म्हणून पाठ ताठ, नजर समोर, पाऊल मोजून. हॉर्ननं तिला राणीसारखी चाल असं काही सांगायची गरजच नाही, शिंगच चालवतं. १९७२ मध्ये हातात घालायची लांबलचक बोटं केली, उभ्यानं जमिनीवरची वस्तू उचलता यावी इतकी लांब. त्याच वर्षी चेहऱ्यावर पट्ट्यांची जाळी, त्या जाळीवर जागोजाग पेन्सिली, भिंतीशी जाऊन तोंड इकडून तिकडे हलवलं की भिंतीवर रेघोट्या. आणि मग १९९० मध्ये तिनं माणूस काढूनच टाकला, अख्खा ग्रँड पियानो छताला उलटा टांगला. तो बराच वेळ गप्प असतो, मग अचानक झाकण लोंबतं, पट्ट्या धाडकन बाहेर येतात, तारांचा गलका होतो, आणि मग सगळं हळूहळू आत जाऊन पुढच्या वेळेपर्यंत परत गप्प. लंडनच्या टेट म्युझियमकडे आहे तो. वाजवणारा कुणी नाही, सूर नाही, तरी ते संगीताबद्दलच आहे, आणि खाली उभं राहिलेल्या माणसाची मान आपोआप खांद्यात जाते.

फॅशनवाल्यांनी हॉर्नकडून काय घेतलं हे बघायचं तर अलेक्झांडर मॅक्वीन या डिझायनरचा सप्टेंबर १९९८ चा लंडनचा शो काढून बघ. शेवटी शालोम हार्लो ही मॉडेल पांढऱ्या फ्रॉकमध्ये गोल फिरणाऱ्या चकतीवर उभी, दोन्ही बाजूंना कारच्या कारखान्यातले रोबोट, ते आधी डोलतात, तिला न्याहाळल्यासारखं करतात आणि मग तिच्या अंगावर काळा-पिवळा रंग उडवायला लागतात. रंग फेकणाऱ्या बंदुकांचं हॉर्नचं एक काम होतं, त्यावरून हे आलं. हार्लो हात वर करून अंग चोरते, आणि त्या फ्रॉकवर जे डाग पडतात ते दुसऱ्यांदा तसेच पडणं शक्य नाही. माझ्या मते त्या शोमधली ही शेवटची काही मिनिटं परफॉर्मन्स आहेत आणि बाकी फॅशन शो आहे, उत्तम फॅशन शो. फरक कुठे, तर बाकीच्या कपड्यांत दुसरी मॉडेल चालली असती तरी काही बिघडलं नसतं. फॅशनमध्ये अंग बदलता येतं, साइज असते, सहा महिन्यांनी नवीन कलेक्शन येतं आणि खरेदीदार समोर बसलेला असतो. तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं त्या हिशोबानं अगदी रास्त आहे, हा झगा विकता येणार नाही, धुता येणार नाही, स्मॉल मीडियम लार्ज निघणार नाही. पण तिला तोच दोष वाटतोय आणि आपल्याला तिथूनच कामाला लागायचंय.

मांसाच्या ड्रेसचं उदाहरण लोक हमखास देतात म्हणून पटकन सांगून पुढे जाते. लेडी गागानं २०१० च्या एमटीव्ही अवॉर्डला घातला होता तो सगळ्यांना माहितीय, पण याना स्टेरबाक या कॅनडातल्या कलाकारानं १९८७ मध्येच कच्च्या मांसाच्या कापांचा ड्रेस शिवला होता, तो गॅलरीत टांगलेला असतो, दिवसागणिक सुकतो, काळा पडतो, आक्रसतो, आणि पुढच्या प्रदर्शनाला नव्या मांसाचा नवीन करावा लागतो. १९९१ मध्ये ओटावात त्यावरून अन्नाची नासाडी म्हणून केवढा गदारोळ झाला. गागाचा मात्र नंतर सुकवून, प्रक्रिया करून टिकवला आणि म्युझियममध्ये ठेवला. सामान तेच, पण एकीला तो सडायला हवाय आणि दुसरीचा टिकवून ठेवलाय. तुझ्या झग्याला काळ काय करतो हाही विचार कर, स्टील गंजणार नाही लवकर, पण ओवलेली दोरी झिजते, चमचे गळतात, ते गळू द्यायचे की दर वेळी परत ओवायचे हे आधी ठरवलेलं बरं.

आता भावाचं, खणखणाटाचं. परफॉर्मन्सचं संगीताशी नातं म्हटलं की लोक आवाज शोधायला लागतात, मला ते आधी कागदावर दिसतं. संगीतकार स्वरलिपी लिहितो आणि वाजवणारा वेगळा असतो, ही सोय परफॉर्मन्सवाल्यांनी तिथून उचलली. जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं १९५२ मध्ये ४ मिनिटं ३३ सेकंद काहीच न वाजवण्याची रचना लिहिली, पुढे न्यूयॉर्कमध्ये तो शिकवायचा त्या वर्गात अ‍ॅलन कॅप्रोसारखी मंडळी बसायची, आणि कॅप्रोनं १९५९ मध्ये हॅपनिंग, म्हणजे प्रेक्षकांच्या मध्येच घडवून आणायचे प्रसंग, करायला सुरुवात केली. योको ओनो मुळातली संगीताच्या गोटातली. तिचा कट पीस १९६४ मध्ये क्योतोच्या एका कॉन्सर्ट हॉलमध्ये झाला, चांगले कपडे घालून स्टेजवर बसायचं, समोर कात्री, प्रेक्षकांनी एकेक करून यायचं आणि तिच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. ती हलत नाही, बोलत नाही. सूचना लिहिलेल्या आहेत त्यामुळे दुसरं कुणीही, पुरुषसुद्धा, ते करू शकतो, आणि तिनं स्वतः २००३ मध्ये सत्तरीत पॅरिसला परत केलं. अंगावरचा कपडा संपत जाणं हीच त्या रचनेची लांबी. म्हणून तुला पहिलं काम हेच सांगेन, एका कागदावर सूचना लिही. कुठून सुरू, काय करायचं, कधी थांबायचं. ते वाचून तुझ्या जागी तिसराच माणूस करू शकला पाहिजे. नुसतं घालून वावरेन, फील येईल तसं करेन, असं म्हणालीस की मग खरंच फॅन्सी ड्रेस होतो.

आणि कॉस्च्युम विचित्रच पाहिजे असंही नाही बरं का. गिल्बर्ट आणि जॉर्ज, हे दोघं लंडनच्या सेंट मार्टिन्स आर्ट कॉलेजला शिल्पकलेच्याच वर्गात १९६७ ला भेटले. साधे सूट घालून, तोंडाला आणि हातांना धातूसारखा रंग फासून टेबलावर उभे राहायचे, एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात ग्लव्ह, खाली टेपरेकॉर्डर, त्यावर बेघर लोकांबद्दलचं एक जुनं इंग्लिश गाणं, आणि ते यंत्रासारखे सावकाश वळत राहायचे, गाणं संपलं की खाली उतरून परत सुरू करायचं. कधी कधी आठ आठ तास. स्वतःला ते जिवंत शिल्पच म्हणवतात. सूट तर आजतागायत सोडलेला नाही.

तुझ्या कामाच्या सगळ्यात जवळचा म्हणशील तर निक केव्ह, शिकागोचा, त्याच नावाचा ऑस्ट्रेलियन गायक आहे तो नव्हे. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला पोलिसांनी रॉडनी किंग नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात बडवलं, त्याचा व्हिडिओ जगभर गेला, त्या अस्वस्थतेत केव्ह बागेत बसला होता, खाली पडलेल्या काटक्या गोळा करायला लागला. त्या घरी नेऊन, छोटे तुकडे करून, भोकं पाडून, कपड्यावर दाट लावल्या. त्याच्या डोक्यात ते शिल्पच होतं. मग लक्षात आलं की हे अंगात घालता येतंय, आणि घालून हलल्यावर ते सळसळलं. आवाज आधी ठरवलेला नव्हता, तो सामानातून निघाला, आणि मग त्याचंच नाव साउंडसूट. अशी शेकडो झालीत पुढे. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला माणूस, बाई की पुरुष, काळा की गोरा काही कळायची सोय नाही, आणि तो गप्पही राहू शकत नाही, कारण हलला की वाजणार. हा माणूस शिकला डान्स आणि टेक्स्टाइल, शिकवायचा फॅशन, कामं बसतात शिल्पाच्या दालनात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यानं तीस घोडे नाचवले, रॅफियाचे म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांचे, एकेका घोड्यात दोन डान्सर. त्याचे व्हिडिओ बघताना मला गोव्यातली घोडेमोडणी आठवत होती, कमरेला लाकडी घोडा, पायात घुंगरू, ढोल-ताशावर पुढे मागे.

पण यावरून लगेच आपल्याकडे हे आधीपासूनच होतं असं कुणी सुरू केलं की मी तिथून उठते. घोडेमोडणी शिगम्यात होते, गावाची असते, ती कुणा एकाची आयडिया नाही. आणि पोतराज, वाघ्या-मुरळी यांचा लूक घेऊन परफॉर्मन्स करायची टूम दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात निघतेच. ज्या प्रथा सोडवायला आंबेडकरी चळवळीनं जिवाचं रान केलं, ज्यांच्यापायी माणसांचं आयुष्य घाण्याला जुंपलं गेलं, त्यातला आसूड आणि घुंगरू तेवढे उचलून गॅलरीत वाजवायचे हे मला पटत नाही. तुझं तसं नाहीये, तुझं सामान तुझ्या घरातल्या मांडणीतलं आहे, ते तिथलंच राहू दे.

घुंगरू कसे वापरावेत हे बघायचं तर रुम्माना हुसेन बघ, हे आपल्या मुंबईतलंच. बाबरी पाडल्यानंतरच्या आणि मुंबईच्या दंगलींनंतरच्या काळात तिचं काम पार बदललं, चित्रं सोडून ती वस्तू आणि स्वतःचं शरीर वापरायला लागली. १९९५ मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात तिनं परफॉर्मन्स केला, पायात घुंगरू, हातात अर्धी कापलेली पपई, तोंड किंकाळी फोडल्यासारखं वासलेलं पण आवाज नाही, आणि ती नुसती चालतेय. घुंगरू म्हटलं की आपण नाच ऐकायची तयारी करतो, इथे नाच येतच नाही, चालण्याचा आवाज येतो फक्त, आणि उघड्या तोंडातून यायला हवा तो येत नाही. एवढ्याशा सामानात केवढं केलंय बघ. फार लवकर गेली ती, १९९९ मध्ये.

शार्लट मूरमनबद्दल दोनच वाक्यं, कारण भावाला ती आवडेल. ज्युलियार्ड या संगीताच्या कॉलेजात शिकलेली चेलोवादक, नाम जून पाइक या व्हिडिओ-कलाकारानं १९६९ मध्ये तिच्यासाठी दोन छोट्या टीव्हींची ब्रा केली, चेलोवर सूर बदलला की छातीवरच्या पडद्यावरचं चित्र वाकडंतिकडं व्हायचं. त्याआधी १९६७ मध्ये पाइकचीच एक रचना अर्धनग्न वाजवली म्हणून न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तिला पकडलं होतं, पाइकलाही, पण दोषी ठरली ती एकटी.

आणि क्लबमधून येणारी जी लाइन आहे ती विसरू नकोस, सगळं गॅलरीतूनच येतं असं नाही. ली बॉवरी ऑस्ट्रेलियातून १९८० मध्ये लंडनला आला, शिवणकामात हुशार, १९८५ मध्ये टॅबू नावाचा क्लब चालवायला लागला, दर खेपेला नवीन अवतार. चेहऱ्यावर ओघळलेला रंग, अंगाच्या घड्या टेपनं बांधून केलेला भलताच आकार. अवाढव्य माणूस, आणि ते अवाढव्यपण लपवायच्या ऐवजी तेच सामान म्हणून वापरायचा. १९८८ मध्ये अँथनी डॉफे गॅलरीत पाच दिवस रोज काही वेळ काचेमागे होता, बाहेरून तो दिसायचा, त्याच्या बाजूनं नुसता आरसा. म्हणजे लोक त्याला बघतायत आणि तो स्वतःला बघत, सावरत, लोळत पडलाय, आणि गॅलरीत रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा रेकॉर्ड केलेला आवाज. पुढे मिंटी नावाचा बँड काढला. स्टेजवर तो पोट सावरत यायचा आणि गाता गाता त्याच्या कपड्यातून त्याची साथीदार बाळ जन्मल्यासारखी बाहेर पडायची, तिला आत उलटी बांधलेली असायची पट्ट्यांनी. ऐकायला टवाळी वाटते, पण शिवणाऱ्याच्या नजरेनं बघ, एक अख्खा माणूस पोटावर टांगून उभं राहता येईल आणि झटक्यात सोडता येईल असा हार्नेस आणि वरून दिसू नये असं फिटिंग, भल्याभल्यांना जमणार नाही.

आता तुझ्या झग्याकडे. आधी तो भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून आण, अंदाजपंचे नको. खांद्यांवर सगळा भार देऊ नकोस, निवार पट्टीचा कमरपट्टा कर, रुंद, आतून फोम, आणि झग्याचं निम्म्याहून जास्त वजन त्या पट्ट्यावर येऊ दे, ट्रेकिंगच्या सॅकला असतं तसं. पाठीमागे नाडी नको, पुढून एका हातानं सुटणारं बकल पाहिजे, चक्कर आली तर दुसऱ्यानं उसवत बसायला वेळ नसतो. आधी मांजरपाटाचा एक साधा झगा शिवून त्यावर चमच्यांच्या जागा खुणा करून घे, बसून, वाकून, जिना चढून बघ, मग ओव.

आवाजाचं असं आहे की चमचा कापडाला चिकटून राहिला की त्याचा आवाज दबतो, वाजत नाही. झाकण मधून, मूठ असते तिथून टांगलंस तर मोकळं वाजेल, कडेनं घट्ट शिवलंस तर ठप्प. डावांचे दांडे म्हणजे सरळ पट्ट्या, त्यांना टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर भोक पाड, त्या जागी पट्टी जवळजवळ कंप पावत नाही म्हणून दोरीनं आवाज मरत नाही. तीस सेंटिमीटरची पट्टी असेल तर साडेसहा सेंटिमीटरवर. आणि सारख्याच जाडीची पट्टी लांबीला निम्मी कापली की सूर चौपट वर जातो, म्हणजे दोन सप्तकं, दुप्पट नव्हे. आता भावाला घेऊन बस, पट्ट्या कापून लावून घ्या, उजवीकडे एक सूर, डावीकडे दुसरा, मागे सगळ्यात जड. चालीचा तोल गेला की कानाला कळेल. मग खणखणाट म्हणायची त्याची छाती होणार नाही, झाली तर ऐकून घे, तबलजीचा कान असतो.

करायचं काय, तर हे माझं सुचवणं, घे किंवा सोड. एवढा वाजणारा झगा घालून नाचायचं हे कुणालाही सुचेल. तू उलटं कर, तो घालून हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज न करता जायचं. जमणार नाहीच. पण प्रत्येक वेळी चमचा वाजला की थांबायचं, सगळं शांत होईपर्यंत, मग पुढचं पाऊल. घरातले झोपलेत म्हणून पहाटे फळीवरून भांडी काढताना श्वास धरून हात घालणारी बाई आपल्यातल्या प्रत्येकानं पाहिलीय, ते कुठे लिहायची, बोलून दाखवायची गरज नाही, लोकांना आपोआप पोचेल. कागदावर सूचना तीन ओळींत बसते, लांबी झगा ठरवतो, आणि सरांना शिल्प कुठंय विचारायला जागा राहत नाही कारण त्या वजनाशिवाय यातलं काहीच होत नाही.

वेळेचा अंदाज घ्यायला पूर्ण झगा घालून पूर्ण लांबीची तालीम झालीच पाहिजे, पंख्याखाली पाच मिनिटं घालून बघणं म्हणजे तालीम नव्हे. गोव्यात राहणारा निखिल चोप्रा २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये सलग नऊ दिवस परफॉर्म करत होता, तिथेच राहायचं, सगळ्यांसमोर कपडे बदलायचे, मोठमोठ्या कापडांवर चित्रं काढायची. इतकं लांबवायचं तर पाणी, बाथरूम, झोप हे सगळं आधी लिहून काढावं लागतं, कामाचाच भाग आहे तो. तुझं तासाभराच्या आत होईल, तरी एक मैत्रीण फक्त तुझ्यावर लक्ष ठेवायला पाहिजे, तिच्या हातात फोन नको. फोटो-व्हिडिओला दुसरं कुणीतरी, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळ्या माइकवर, मोबाइलचा माइक बारीक आवाज खातो.

फेस्टचं मेन स्टेज घेऊ नकोस. तिथे डीजे लागलेला असतो, अँकर मध्ये बोलतो, आणि दोन डान्समध्ये तुला चार मिनिटं मिळतील, त्यात तुझा एक चमचा ऐकू जाणार नाही. कॉलेजमध्ये लांब कॉरिडॉर किंवा ड्रॉइंगचा मोठा हॉल असेल, दुपारी लेक्चर नसताना तो माग, फरशी असेल तर उत्तम. झाकणांच्या कापलेल्या कडा आणि पट्ट्यांच्या भोकांचे काठ कानशीनं नीट घासून घे, मान आणि काखेजवळच्या तर दोनदा, आणि आतून जाड कॅनव्हासचं अस्तर लाव.